हंगेरीनं सीमेवरचा दावा सोडला म्हणून युरोपीय संघाचं दार उघडलं, की दार उघडावं म्हणून दावा सोडला?

मलप्रभाकाठ (धागा सुरू करणारी):

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, पदवीच्या शेवटच्या वर्षाला राज्यशास्त्र शिकवते. तुलनात्मक राजकारणाच्या पेपरात पूर्व युरोपातल्या साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतरचं प्रकरण आहे. पुस्तकात ते दीड पानात उरकलंय: १९८९, बर्लिनची भिंत, बहुपक्षीय निवडणुका, खासगीकरण, आणि १ मे २००४ ला आठ माजी साम्यवादी देश युरोपीय संघात. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात.

यंदा ठरवलं की हे प्रकरण एका नदीच्या दोन काठांवरून शिकवायचं. डॅन्यूबच्या दक्षिणेला हंगेरीचं एस्टरगोम, उत्तरेला स्लोव्हाकियाचं श्टुरोवो. श्टुरोवोत हंगेरियन बोलणारेच जास्त, ते आपल्या गावाला पार्कान्य म्हणतात. मधला मारिया व्हलेरिया पूल डिसेंबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेनं उडवला. पुढची चाळीसहून जास्त वर्षं दोन्ही काठांवर साम्यवादी सरकारं होती, दोन्ही देश वॉर्सा करारात, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी करारात होते, एकमेकांना बंधुराष्ट्र म्हणत होते. तरी पूल काही उभा राहिला नाही. लोक फेरीबोटीनं जायचे. पूल पुन्हा खुला झाला ११ ऑक्टोबर २००१ ला, आणि त्यात युरोपीय संघाचा पैसा होता.

एवढं सांगितलं आणि वर्ग जागा झाला. आमच्याकडच्या मुलांना सीमा म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. कुणाची आत्या शिनोळीला, कुणाचा मामा चंदगडला. २०२२ च्या डिसेंबरात काही दिवस पलीकडची एस.टी. यायची थांबली होती, तेव्हा कुणाची परीक्षा हुकली, कुणाचं लग्नाला जाणं राहिलं, हे त्यांनी स्वतः पाहिलंय. वर्गात मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही घरची मुलं आहेत. एकाच बाकावर बसतात, डबा वाटून खातात, आणि १ नोव्हेंबरला निम्म्यांच्या घरी राज्योत्सव असतो, निम्म्यांच्या घरी काळा दिन.

मग मी १९९५ च्या करारावर आले. १९२० च्या ट्रायनॉन करारानं हंगेरीचा जवळपास दोन तृतीयांश मुलूख गेला आणि लाखो हंगेरियन भाषिक शेजारच्या देशांत अडकले. लोकशाही आल्यावर ही जखम पहिल्यांदा उघडपणे बोलली जाऊ लागली. १९९० साली निवडून आलेले पंतप्रधान योझेफ आंताल यांनी आपण मनानं दीड कोटी हंगेरियनांचे पंतप्रधान आहोत असं सांगितलं. हंगेरीची लोकसंख्या तेव्हा होती साधारण एक कोटी. शेजाऱ्यांना धडकी भरली. आणि पाचच वर्षांत, १९ मार्च १९९५ ला, हंगेरीचे पंतप्रधान ज्युला होर्न आणि स्लोव्हाकियाचे पंतप्रधान व्लादिमीर मेचियार यांनी पॅरिसमध्ये करारावर सह्या केल्या: आहे ती सीमा दोघांना मान्य, आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांची दोघांची हमी.

तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "मॅडम, त्यांनी दावा सोडला म्हणून त्यांना आत घेतलं, की आत घ्यावं म्हणून त्यांनी दावा सोडला? आणि सोडून मिळालं काय?"

मी त्याला पुढच्या सोमवारी सांगते म्हटलं. वरवरचं उत्तर मला द्यायचं नाही, कारण तो प्रश्न त्यानं डॅन्यूबबद्दल विचारलेला नव्हता. इथल्या मंडळींपैकी कुणी त्या भागात राहिलं असेल, कुणी यावर वाचलं असेल, तर सांगा. त्या करारानं कोमार्नो-श्टुरोवोच्या (कोमार्नो हेही स्लोव्हाकियाच्याच काठावरचं, हंगेरियन बोलणाऱ्यांचं गाव) सामान्य हंगेरियन माणसाच्या आयुष्यात काय बदललं? आणि २००४ नंतर, एकदा आत गेल्यावर, ते टिकलं का?

उद्यमबाग:

मॅडम, मी बेळगावचाच, फौंड्रीत क्वालिटी बघतो. आमची कास्टिंगं स्लोव्हाकियातल्या एका कारखान्यात जातात, त्या निमित्तानं तिकडे राहणं झालंय, मुक्काम कोमार्नोला. तिथला माझा जोडीदार हंगेरियन बोलणारा, शाळा सगळी कोमार्नोत झालेली. त्याच्याकडून ऐकलेलं आणि नंतर मी शोधून वाचलेलं असं दोन्ही सांगतो.

तुमच्या विद्यार्थ्याचं उत्तर सरळ आहे. आत घ्यावं म्हणूनच सोडला. जून १९९३ मध्ये कोपनहेगनला युरोपीय संघानं अटी ठरवल्या: स्थिर लोकशाही संस्था, कायद्याचं राज्य, मानवी हक्क, अल्पसंख्याकांचं संरक्षण, चालणारी बाजारव्यवस्था. शेजाऱ्याशी सीमेचं भांडण घेऊन कुणी दारात उभं राहू नये, हेही सगळ्यांना कळवलेलं होतं. युगोस्लाव्हियात तेव्हा माणसं मरत होती, युरोपला तशी दुसरी आग नको होती. पॅरिसची सही त्यातनं आली.

पण बघा, सही झाली मार्च १९९५ ला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मेचियार सरकारनं राज्यभाषेचा कायदा केला. अल्पसंख्याकांना कार्यालयात आपली भाषा वापरायला जो जुना आधार होता तो त्या कायद्यानं काढून घेतला आणि त्या जागी नवीन काही दिलं नाही. कराराची शाई वाळली नव्हती म्हणा. सगळ्यात जिव्हारी लागलं ते १९९७ चं. हंगेरियन शाळांत प्रगतिपुस्तक पूर्वीपासून दोन भाषांत मिळायचं. त्या वर्षी सरकारनं ठरवलं, फक्त स्लोव्हाक. माझा जोडीदार तेव्हा शाळेत होता. त्याच्या आजीला स्लोव्हाक वाचता येत नव्हतं. नातवाचे गुण तिला नातवानंच वाचून दाखवायचे. काही मुख्याध्यापकांनी ऐकलं नाही, त्यांना खुर्ची सोडावी लागली. हे तो सांगत होता तेव्हा मी गप्प झालो. आमच्या गल्लीत सातबारा आणि नोटीस घेऊन शेजारच्या कन्नड शिकलेल्या पोराकडे जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका मी लहानपणापासून बघितल्यात.

म्हणजे नुसत्या करारानं सामान्य माणसाला काही दिलं नाही. दिलं ते पुढच्या दोन गोष्टींनी.

एक, डिसेंबर १९९७ मध्ये लक्झेंबर्गला युरोपीय संघानं वाटाघाटींसाठी पहिली यादी काढली. पोलंड, चेक, हंगेरी, स्लोव्हेनिया, एस्टोनिया आत, स्लोव्हाकिया बाहेर. पैशापाण्यात तो देश कमी नव्हता. लोकशाहीच्या कसोटीवर नापास केला. त्याच वर्षी नाटोनंही पोलंड, चेक आणि हंगेरीला बोलावलं, यांना नाही. आपल्याबरोबर १९९३ पर्यंत एकाच देशात असलेले चेक पुढे गेले आणि आपण मागे राहिलो, हे स्लोव्हाक माणसाला फार लागलं.

दुसरी, आणि माझ्या मते मोठी: सप्टेंबर १९९८ ची निवडणूक. गावोगावच्या संस्थांनी, तरुण पोरांनी मतदानाची मोहीम काढली, ८४ टक्के मतदान झालं. मेचियारचा पक्ष थोडक्यात पहिला आला, पण त्याच्याबरोबर सरकार करायला पुरेसं कुणी उरलं नाही. मिकुलाश झुरिंदांनी सरकार केलं आणि त्यात हंगेरियन युतीचा पक्ष घेतला. हंगेरियन नेते पाल चाकी उपपंतप्रधान झाले, मानवी हक्क आणि अल्पसंख्याक खातं त्यांच्याकडे. काही महिन्यांत प्रगतिपुस्तक पुन्हा दोन भाषांत. १९९९ च्या जुलैत कायदा आला की ज्या गावात २० टक्के लोक अल्पसंख्याक भाषेचे, तिथे कार्यालयात ती भाषा चालेल. तो कायदा हंगेरियन पक्षाला अपुरा वाटला, सरकारात असूनही त्यांनी विरोधात मत दिलं, आणि तरी सरकार पडलं नाही! हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भांडायचं, पण टेबल सोडायचं नाही. पुढे २००४ मध्ये कोमार्नोत हंगेरियन माध्यमाचं विद्यापीठ सुरू झालं, स्लोव्हाकिया सरकारच्या पैशानं. मी त्याच्या दारावरनं रोज जायचो.

म्हणून वर्गात २००४ सालाला फार वजन देऊ नका. वजन १९९८ ला द्या. बाहेरचा दाब होता, खरं आहे, पण तो दाब वापरून घेणारी माणसं आत तयार नसती तर मेचियार अजून दहा वर्षं बसला असता आणि युरोपला शिव्या देत बसला असता.

टिकलं का, विचारलात. निम्मं टिकलं. २००६ ला राष्ट्रवादी पक्ष सरकारात आला. २००९ ला राज्यभाषेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ५,००० युरोपर्यंत दंड आला. त्याच वर्षी २१ ऑगस्टला हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष लास्लो शोयोम हंगेरीचा पहिला राजा संत इश्त्वान याच्या पुतळ्याच्या अनावरणाला कोमार्नोला निघाले होते. स्लोव्हाकियानं कळवलं, येऊ नका. १९६८ साली त्याच तारखेला चेकोस्लोव्हाकियात वॉर्सा कराराच्या फौजा घुसल्या होत्या, त्यात हंगेरीचीही होती, हे एक कारण दिलं. शोयोम कोमार्नोच्या पुलाच्या मध्यापर्यंत चालत गेले आणि तिथनं परत फिरले. दोन्ही देश संघात होते, दोघांमधली तपासणी चौकीसुद्धा उठलेली होती. हंगेरी न्यायालयात गेली, २०१२ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की राष्ट्रप्रमुखाचं जाणं हे साध्या नागरिकाच्या ये-जा करण्यासारखं नाही, स्लोव्हाकियानं संघाचा कायदा मोडला नाही. २०२२ ला महाराष्ट्राचे मंत्री बेळगावला यायचे होते आणि यायचं रहित झालं, तेव्हा मला तो पूल आठवला.

आता डॅन्यूबवरच्या अशाच पुलांवरनं लोक कामाला जातात. एस्टरगोमच्या सुझुकी कारखान्यातही श्टुरोवोकडची माणसं आहेत. पगार एका देशात, घर दुसऱ्या देशात. हे कुणी परत बंद करू शकेल असं मला वाटत नाही.

निपाणीचा वकील:

उद्यमबागकरांनी छान लिहिलंय. मात्र मॅडम, वर्गात ही तुलना मांडताना एक फरक पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर मुलं चुकीचा धडा घेतील.

हंगेरी आणि स्लोव्हाकिया ही दोन सार्वभौम राष्ट्रं. तिथे सीमा हलवायची म्हणजे युद्ध, म्हणून सीमा गोठवून हक्क मागणं हाच शहाणपणा होता. आपल्याकडे राज्यांची सीमा ही संसदेनं साध्या बहुमतानं बदलायची गोष्ट आहे, संविधानाचं कलम ३ त्यासाठीच आहे. १९५६, १९६०, २०००, २०१४, आपण नकाशे बदलत आलोय आणि देश फुटला नाही. महाराष्ट्रानं २००४ मध्ये कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो याच चौकटीत. सीमाभागातला माणूस महाराष्ट्रात जायचं म्हणतो तेव्हा तो देशाची सीमा ओलांडायला निघालेला नसतो. त्याच्या मागणीला ट्रायनॉनचा वास लावणं अन्याय होईल. माझे वडील या लढ्यात तुरुंगात गेले होते, त्यांनी झेंडा तिरंगाच धरला होता.

तरीही उद्यमबागकरांचा मुद्दा मला दुसऱ्या अंगानं पटतो. दावा न्यायालयात आहे तोवर माणसानं कुठल्या भाषेत जगायचं? आमच्या बाजूनं आम्ही कित्येक वर्षं सगळं बळ सीमेवर लावलं आणि हाताशी असलेल्या हक्कांवर त्या मानानं कमी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० अ आणि ३५० ब ही कलमं आली: प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी नेमलेला आयुक्त. त्या आयुक्तांचं एक विभागीय कार्यालय बेळगावात होतं, हे आज किती जणांना माहीत आहे? १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरलेल्या योजनेप्रमाणे जिथे अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही निघाल्या पाहिजेत. स्लोव्हाकियात १९९९ ला २० टक्क्यांवर भांडण झालं. आपल्याकडे त्याच्या जवळपास चाळीस वर्षं आधी १५ टक्के कागदावर होतं. फरक एवढाच की आपल्याकडे ते न पाळणाऱ्याला बाहेर ठेवणारं दार कुणाकडे नाही. आयुक्त शिफारस करतात, राज्य सरकार वाचतं की नाही हे राज्य सरकारला माहीत.

मुलांना सांगायचं तर हे सांगा की युरोपात दाराच्या भीतीनं जे झालं, ते आपल्याकडे अर्ज, अपील आणि विधानसभेतली मतं यांच्याच बळावर करावं लागेल. मेहनत जास्त आहे. अशक्य नाही.

गोकाकचा पाहुणा:

नमस्कार मॅडम. माझी आई-भाषा कन्नड, बायको शहापूरची मराठी, म्हणून इथे वाचत असतो. मराठी लिहिण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

वरती सगळं हंगेरियन माणसाच्या बाजूनं आलंय, ते बरोबरच आहे, त्याच्यावर अन्याय झाला. पण स्लोव्हाक माणूस एवढा कडवा का झाला हेही मुलांना सांगा. १९१८ च्या आधी हाच स्लोव्हाक हंगेरीच्या राज्यात अल्पसंख्याक होता. १८७४ मध्ये त्यांची तीन माध्यमिक विद्यालयं बंद केली, १८७५ मध्ये त्यांची सांस्कृतिक संस्था मातित्सा स्लोव्हेन्स्का बंद केली, १९०७ च्या अपोन्यी कायद्यांनी गावच्या शाळांतही हंगेरियन रेटली. म्हणजे स्लोव्हाक आजोबांनी जे भोगलं त्याचं उट्टं नातवानं काढलं, आणि काढलं ते अशा लोकांवर ज्यांचा त्यात हात नव्हता. १९४५ नंतर तर हंगेरियन लोकांचं नागरिकत्व काढलं, लोकसंख्येची अदलाबदल केली.

आमच्याकडे मुंबई प्रांतात असताना कन्नड माणसाला ऑफिसात मराठीतच बोलावं लागायचं, शाळा मिळायची नाही, असं माझे आजोबा सांगायचे. ते ऐकत मी मोठा झालो. म्हणून बोर्डावर कन्नड मोठं हवं असं म्हणणाऱ्या माझ्या भावाच्या मनात काय आहे ते मला कळतं. मला त्याचं सगळं पटत नाही. खानापूरच्या आजीला मराठीत कागद मिळाला तर कन्नडचं काय कमी होतं? आणि जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांना मास्तर मिळत नाहीत तेव्हा मराठी मित्रांनीही आवाज द्यावा. दोन्ही बाजूंनी दोन्हीकडचं मागितलं पाहिजे. १९९५ च्या करारात तसंच होतं ना? हंगेरीतल्या स्लोव्हाक लोकांचे हक्कही त्यात होते.

तुमच्या वर्गात कन्नड मुलं बसतात म्हणालात. त्यांना स्वतःला अपराधी वाटू देऊ नका, एवढीच विनंती.

मलप्रभाकाठ:

गोकाकचे पाहुणे, तुमच्या प्रतिसादासाठी खरंच आभार. मराठी उत्तम आहे तुमचं. १८७४-७५ चा भाग मी माझ्या टिपणात घेतला. आता मांडणी अशी करते की पहिला तास स्लोव्हाक माणसाच्या आठवणीचा, दुसरा हंगेरियन माणसाच्या, आणि मगच १९८९. आठवण आधी कळली नाही तर लोकशाही आल्याबरोबर भांडण का वाढलं हे मुलांना कळणारच नाही. साम्यवादी काळात हे प्रश्न मिटले नव्हते, बोलायला बंदी होती. निवडणुका आल्या तशी बंदी उठली, आणि मतं मिळवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे शेजाऱ्याची भीती घालणं. मार्च १९९० मध्ये रुमानियातल्या तुर्गु मुरेश गावात हंगेरियन आणि रुमानियन जमाव भिडले, माणसं मेली. हुकूमशहा जाऊन तीन महिने झाले होते.

वकीलसाहेब, कलम ३ चा फरक पहिल्याच वाक्यात सांगेन, शब्द दिला. मात्र "चुकीचा धडा" याबद्दल थोडं वेगळं वाटतं. माझ्या वर्गातल्या मुलांना कुणीतरी येऊन सीमा हलवेल याची वाट पाहायला लावणं मला जड जातं. त्यांना पुढच्या वर्षी नोकरीचा अर्ज भरायचाय. त्यांच्यासाठी कोमार्नोतलं ते विद्यापीठ ही सगळ्यात मोठी बातमी आहे: देश तोच, सीमा तीच, आणि पदवी आपल्या भाषेत. हे मी त्यांना न सांगता कशी राहू?

उद्यमबागकर, प्रगतिपुस्तकाची गोष्ट मी तुमचं नाव न घेता वर्गात सांगितली तर चालेल ना? आणि एक: २००४ नंतर संघानं अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी काही केलं का? की आत घेतल्यावर विषय संपला?

हिरण्यकेशी:

आजऱ्याचा, सध्या पुण्यात, याच विषयावर संशोधन करतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यात मोठी गोम आहे.

अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची अट युरोपीय संघानं नव्यांना घातली, जुन्यांना कधीच नाही. राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा १९९५ चा करार (पॅरिसचा तो वेगळा) युरोप परिषद या वेगळ्या संघटनेनं केला, युरोपीय संघानं नव्हे. फ्रान्सनं त्यावर आजतागायत सही केलेली नाही. ग्रीसनं सही केली, मान्यता दिली नाही. स्लोव्हाकियाला मात्र तो पाळावा लागला. नव्यांच्या मनात ही सल राहिली आणि पुढे तिथल्या नेत्यांनी ती पुरेपूर वापरली. २०१३ ते २०१८ या काळात युरोपभरातल्या भाषिक अल्पसंख्याकांनी मिळून संघाकडे कायदे करण्याची मागणी केली, ११ लाखांहून जास्त सह्या जमवल्या, पुढाकारात रुमानियातले हंगेरियनही होते. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगानं उत्तर दिलं की नवीन कायद्याची गरज नाही.

लाटव्हियाकडेही बघा. तिथे १९९१ नंतर सोव्हिएत काळात आलेल्या रशियन भाषिकांना आपोआप नागरिकत्व मिळालं नाही. युरोपच्या दाबानं १९९८ मध्ये कायदा सैल झाला, त्यावर सार्वमतही घेतलं गेलं. तरी २००४ ला देश संघात गेला तेव्हा लाखो लोक "अनागरिक" म्हणून नोंदलेले होते, त्यांना महापालिकेच्या निवडणुकीतही मत नव्हतं. म्हणजे दार उघडायला पूर्ण न्याय लागत नाही, पुरेशी हालचाल लागते. लाटव्हियाची भीती खोटी नव्हती हेही सांगायला हवं. पन्नास वर्षांचा कब्जा त्यांनी सोसला होता, आणि शेजारी कोण आहे हे आज सगळे बघताहेत.

उलट रुमानियातलं क्लुज. १९९२ ते २००४ तिथे फुनार नावाचे महापौर होते, त्यांनी बागेतले बाक राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांत रंगवले, हंगेरियनांना गाव कुणाचं हे कळावं म्हणून. हंगेरियन लोक तिथे २० टक्क्यांच्या खाली, त्यामुळे कायद्यानं दुभाषी पाटीचा हक्क नव्हता. गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज, दावे, मोहिमा चालवल्या, त्यात रुमानियन तरुणही होते, आणि २०१७ मध्ये वेशीवर पाटी लागली. युरोपचं दार तोवर दहा वर्षांपूर्वीच उघडून झालं होतं. वकीलसाहेब म्हणतात ती जास्तीची मेहनत ती ही.

हंगेरीचं स्वतःचं काय झालं हेही त्या मुलाला सांगा. तीस वर्षांपूर्वी संक्रमणाचा आदर्श म्हणून दाखवला जाणारा देश. सप्टेंबर २०१८ मध्ये युरोपीय संसदेनं त्याच्याच विरुद्ध कायद्याच्या राज्याच्या उल्लंघनाची प्रक्रिया सुरू केली. २०१० मध्ये सरकारनं सीमेपलीकडच्या हंगेरियनांना नागरिकत्व देऊ केलं, स्लोव्हाकियानं लगेच उलट कायदा केला की दुसरं नागरिकत्व घ्याल तर आमचं जाईल. अडकला कोण? कोमार्नोचाच माणूस.

उद्यमबाग:

मॅडम, चालेल की, सांगा. जोडीदाराला मी काल फोन केला, त्याला आनंद झाला की खानापूरच्या वर्गात त्याच्या आजीची गोष्ट निघाली. त्याच्याकडे १९९७ चं एकभाषी आणि नंतरचं दुभाषी, दोन्ही प्रगतिपुस्तकं आहेत. फोटो पाठवतो म्हणाला. नाव, शाळा झाकून तुम्हाला देतो.

त्यानं एक गोष्ट मुद्दाम सांगायला सांगितली. २०२० च्या निवडणुकीत हंगेरियन पक्ष आपसात फुटले आणि संसदेत त्यांचा एकही पक्ष उरला नाही. १९८९ नंतर पहिल्यांदा असं झालं. स्लोव्हाकियात हंगेरियनांची नोंद २००१ ला ५ लाख २० हजार होती, २०११ ला ४ लाख ५८ हजार. तरुण ब्रातिस्लाव्हाला जातात, व्हिएन्नाला जातात. तो म्हणतो, हक्क मिळाले तेव्हा आम्ही एक होतो, आता मिळालेत म्हणून आम्ही भांडतो. आपल्याकडच्या एकीकरण समितीच्या गटातटांबद्दल मी त्याला काही बोललो नाही, पण वकीलसाहेबांनी हे वाचावं.

निपाणीचा वकील:

वाचलं. आणि मान्य आहे, गटबाजीनं आमचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या सरकारनं केलं नसेल.

मॅडम, तुमचा विद्यापीठाचा मुद्दाही सोडून देत नाही. दावा मी सोडणार नाही, पण दावा आणि पदवी यांत मुलांना निवड करायला लावू नये, इथपर्यंत तुमच्याबरोबर आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. त्यातली कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांची प्रकरणं मी छापून देतो. मुलांना दोन गटांत बसवा: मराठी मुलांना महाराष्ट्रातल्या कन्नड शाळांचं प्रकरण द्या, कन्नड मुलांना कर्नाटकातल्या मराठी शाळांचं. गोकाकचे पाहुणे यायला तयार असतील तर मीही शनिवारी निपाणीहून येतो. वेळ कळवा.